पावसाळ्यापूर्वी घराचे आवार: कोकणातील आगोटीच्या कामांचा नेमका क्रम

कोकणात पावसाळ्यापूर्वी आवाराची कामे सगळेच करतात. चुकतो तो त्यांचा क्रम. मे महिन्यात गावी आलेली मंडळी रोपवाटिकेतून कलमे आणतात, खड्डे मारतात, अंगणात नव्या लाद्या बसवतात आणि चर उपसणे, गडगा (चिऱ्यांचे कोरडे कुंपण) पाहणे, माडाच्या सुक्या झावळ्या काढणे ही कामे पाऊस लागल्यावर बघू म्हणून मागे ठेवतात. मग जूनच्या मध्यावर पागोळ्यांचे पाणी जोत्यात मुरू लागते, नवे कलम खड्ड्यात साचलेल्या पाण्याने पिवळे पडते आणि सुकी झावळी नेमकी कौलांवर येऊन पडते. तोवर गडी माणसे शेतात गेलेली असतात आणि ओल्या खोडावर चढायला कोणी तयार नसते.

या लेखातील सगळा क्रम एका नियमावर उभा आहे. झाडांची तोड वरून खाली करावी, पाण्याची वाट खालून वर मोकळी करावी आणि लागवड सर्वांत शेवटी करावी. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. एखादा टप्पा आपल्या आवाराला लागू नसेल तर तो वगळावा, पण टप्प्यांची अदलाबदल करू नये.

## कामे कधी संपली पाहिजेत

मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते आणि दक्षिण कोकणात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. मुंबईसाठी हवामान विभागाने धरलेली सरासरी तारीख ११ जून आहे. मात्र या तारखांवर विसंबून राहण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत आला होता. त्याआधी मे २०२१ च्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर भागांतल्या माड-पोफळीच्या (नारळ-सुपारीच्या) वाड्या त्याने आडव्या केल्या.

म्हणून झाडांची तोड १० मेपर्यंत आणि चर, जोते व गडग्याची कामे २० मेपर्यंत संपवावीत. याला आणखी एक कारण आहे. रोहिणी नक्षत्र लागले की भाताच्या तरव्याची (रोपांची) धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीतली, पेरणी सुरू होते आणि त्यानंतर मजुरीला माणूस मिळत नाही. पाडेल्याला (माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला) तर एप्रिलमध्येच सांगून ठेवावे लागते.

## टप्पा १: पाहणी आणि जमवाजमव

फावडे हाती घेण्यापूर्वी आवाराला एक फेरी मारावी, आणि शक्य असेल तर ही फेरी गेल्या जुलैत घरात राहिलेल्या माणसाबरोबर मारावी. फक्त मे महिन्यात येणाऱ्या मालकाने आपल्या आवारातून पाणी वाहताना कधी पाहिलेलेच नसते, त्यामुळे कोरड्या जमिनीकडे पाहून त्याने बांधलेला अंदाज बहुधा चुकतो. घरातली आजी किंवा शेजारचे काका पाणी कुठून शिरते, कुठे तुंबते आणि कोणत्या कोपऱ्यात पायरी शेवाळते, हे बोट दाखवून सांगतात.

सांगणारे कोणी नसेल तर खुणा पाहाव्यात. भिंतीवर चिखलाच्या शिंतोड्यांची रेषा किती उंचीवर आहे, माती वाहून झाडांची मुळे कुठे उघडी पडली आहेत, बारीक गाळाचा थर कुठे बसला आहे आणि चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) वाळलेल्या शेवाळाचा काळा डाग कुठे आहे, हे पाहिले की पाण्याची जुनी वाट कळते. मग एका कागदावर घर, विहीर, शोषखड्डा, गडगा आणि मोठी झाडे दाखवावीत व आवारातील सर्वांत उंच जागा, सर्वांत सखल जागा आणि पाणी बाहेर पडण्याची जागा या तीन ठिकाणी खुणा कराव्यात.

पाण्याचे प्रमाण किती असते, याचा हिशोब एकदा तरी करून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. बाराशे चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे ११० चौरस मीटर, आणि कोकणात एका तासात ५० मिलिमीटर पाऊस होणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. तेवढ्या पावसात नुसत्या छपरावरून तासाला साडेपाच हजार लिटर, म्हणजे मिनिटाला नव्वद लिटरहून अधिक पाणी खाली येते. अंगणाचे आणि वरच्या सड्यावरून (उघड्या कातळपठारावरून) उतरणारे पाणी यात धरलेलेच नाही. वीतभर रुंदीचा, पातेऱ्याने (गळलेल्या सुक्या पाल्याने) भरलेला चर याला का पुरत नाही, हे या आकड्यावरून समजावे.

सामान आधीच जमवावे: कोयता, करवत, पार, टिकाव, फावडे, घमेली, सुंभ, बांबूच्या काठ्या, जांभ्याचे तुकडे किंवा खडी, चाळलेले जुने शेणखत, ताडपत्री, मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि कळीचा चुना. पायात गमबूट आणि हातांत जाड हातमोजे असावेत.

तपासा: पाणी बाहेर पडण्याची जागा आपल्या हद्दीत संपते की शेजाऱ्याच्या? शेजाऱ्याच्या आवारातून किंवा रस्त्याखालच्या मोरीतून पुढे व्हाळाला (ओढ्याला) मिळत असेल तर आत्ताच बोलून घ्यावे. भर पावसात सुरू झालेले पाण्याचे भांडण वर्षानुवर्षे पुरते.

## टप्पा २: झाडांची तोड, वरून खाली

हा टप्पा चर उपसण्याच्या आधी येतो, कारण तोडलेला पाला, फांद्या आणि पोयी (माडाचे फुलोरे) नेमक्या चरातच जाऊन पडतात. चर आधी उपसला तर तेच काम दोनदा करावे लागते.

माडापासून सुरुवात करावी. सुक्या व लोंबत्या झावळ्या, वाळलेल्या पोयी आणि शेंड्यात अडकलेली पिशवी काढून घ्यावी. घर, गोठा, वाट आणि वाहन उभे करण्याची जागा यांवर येणाऱ्या माडांचे तयार नारळ उतरवून घ्यावेत. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे वारा कमी लागावा म्हणून हिरव्या झावळ्याही छाटून माड बोडका करणे. त्याने माड अशक्त होतो आणि उत्पन्न घटते. शिवाय ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येऊन तिथे अंडी घालतो. एखादी हिरवी झावळी छपराला घासत असल्याने तोडावीच लागली, तर ती खोडाला चिकटून न तोडता सुमारे चार फूट देठ ठेवून तोडावी. चढण्यासाठी खोडाला पायऱ्या पाडण्याची पद्धतही याच कारणासाठी सोडून द्यावी.

आंबा, फणस, जांभूळ यांच्या मेलेल्या, पोकळ आणि छपरावर आलेल्या फांद्या काढाव्यात. आंब्यावरचे बांडगूळ ते ज्या फांदीवर आहे त्या फांदीच्या भागासकट, बुडख्याच्या खालून कापावे. वरचेवर पाने ओरबाडून काढली तर ते पुन्हा फुटते. जाड फांदी कापताना प्रथम खालच्या बाजूने थोडा काप घ्यावा आणि मग वरून कापावे, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीरोधक लेप) लावायची आहे. ती टप्पा ६ मध्ये येते.

केळी आणि पपई यांना आधाराची काठी द्यावी. कोकणात पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून काठी त्या बाजूला रोवावी आणि खोड व काठी यांच्यामध्ये सुंभाचा पीळ येईल असे सैल बांधावे. तार कधीही वापरू नये. दोन महिन्यांत ती सालीत रुतते.

सावधान: विजेच्या तारांजवळची फांदी स्वतः तोडू नये आणि पाडेल्यालाही तोडायला लावू नये, महावितरणच्या स्थानिक कार्यालयात कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. आंबा, फणस, साग यांसारखे झाड मुळापासून तोडायचे असेल तर ते आपल्या आवारात असले तरी आधी परवानगी घ्यावी लागते, आणि ती मिळायला वेळ जातो.

## टप्पा ३: पाण्याची वाट, खालून वर

सगळ्या कामांत सर्वाधिक चुका होतात त्या इथे. बहुतेक लोक घराजवळून चर उपसायला सुरुवात करतात आणि कुंपणापर्यंत येईतो दमतात. परिणामी वरचा चर खोल आणि खालचा उथळ राहतो, पाणी वेगाने खाली येते आणि मध्येच फुटून अंगणात पसरते.

काम पाणी बाहेर पडते त्या शेवटच्या टोकापासून सुरू करावे. प्रथम बाहेरची मोरी किंवा व्हाळाचे तोंड मोकळे करावे. फाटकाखालच्या पाइपात काठी घालून पाहणे पुरेसे नसते, कारण काठी गाळावरून सरकत जाते आणि वाट मोकळी असल्याचा भास होतो. दोन बादल्या पाणी एकदम ओतून ते दुसऱ्या बाजूने तितक्याच जोराने येते का, ते पाहावे. मग तिथून वर घराकडे चर उपसत यावे.

चराला उतार दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर असावा. तो डोळ्यांनी ठरवू नये. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. चराच्या दोन टोकांना काठ्या रोवून नळीची टोके त्यांना लावावीत, पाण्याच्या पातळीवर खुणा कराव्यात आणि त्या खुणांपासून तळापर्यंतची खोली दोन्हीकडे मोजावी. खालच्या टोकाला मोजलेली खोली जास्त भरली पाहिजे. चर दहा मीटर लांब असेल तर ती दहा ते वीस सेंटिमीटरने जास्त असावी. कुठेही पोट पडले असेल तर तिथे पाणी उभे राहून डास होतात.

उतार फार तीव्र असेल तर मात्र पाणी तळ खात जाते. अशा ठिकाणी तीन-चार मीटरवर चिऱ्याचे आडवे तुकडे रोवून लहान पायऱ्या कराव्यात. चराच्या शेवटी एक फूटभर खोल खड्डा ठेवला तर गाळ तिथे बसतो आणि पुढची मोरी भरत नाही. हा गाळ म्हणजे आपल्याच परसातली वरची कसदार माती असते. पावसाच्या उघडिपीत ती उपसून पुन्हा वाफ्यात घालावी.

पोफळीला मुळाशी साचलेले पाणी मुळीच सोसत नाही, त्यामुळे दोन ओळींच्या मधून चर काढलाच पाहिजे. माडाची उन्हाळ्यात शिंपण्यासाठी केलेली आळीही आता खालच्या बाजूने फोडून द्यावीत. मे महिन्यापर्यंत उपकारक असलेले आळे जुलैत मुळे कुजवते.

तपासा: विहिरीच्या कठड्याच्या सर्व बाजूंना जमीन बाहेर उतरती आहे का? अंगणाचे, गोठ्याचे किंवा न्हाणीचे पाणी विहिरीकडे वळता कामा नये. तसेच छपराचे पाणी शोषखड्ड्यात सोडू नये. तो एका दिवसात भरतो आणि मग घाण पाणी वर येते.

## टप्पा ४: पागोळी, जोते आणि अंगण

पागोळ्यांचे पाणी रोज एकाच रेषेत पडते आणि जोत्यालगत खोल घळ पाडते. त्या रेषेवर हात-दीड हात रुंदीचा, वीतभर खोलीचा पट्टा खणून त्यात जांभ्याचे तुकडे किंवा खडी भरावी आणि पट्ट्याचा उतार चराकडे ठेवावा. यामुळे माती उडत नाही, भिंतीचा पाया ओला राहत नाही आणि शिंतोडेही अर्ध्यावर येतात. पन्हळ बसवलेली असेल तर तिच्यातला पाला काढून नळाचे तोंड चरात नेऊन सोडावे; जोत्याशी मोकळे सोडलेले तोंड पन्हळ नसण्यापेक्षा वाईट, कारण सगळ्या छपराचे पाणी एकाच जागी पडते.

अंगणाबद्दल थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. अलीकडे चिखल नको म्हणून संपूर्ण अंगण सिमेंटने किंवा पेव्हर ब्लॉकने झाकण्याची पद्धत पडली आहे. दरवर्षी जुन्या थरावर नवा थर चढतो, अंगण जोत्याच्या बरोबरीला येते आणि पाणी पडवीत शिरते. पूर्वी अंगणात मुरणारे पाणीही आता चरावर येते. मला विचाराल तर वाहनाची चाके जातील तेवढे दोन पट्टे आणि वर्दळीची पायवाट एवढेच पक्के करावे, बाकी अंगण उघडे किंवा हिरवळीचे ठेवावे. आधीच झाकलेले असेल तर निदान जोत्यापासून पहिल्या दोन मीटरमध्ये उतार बाहेर आहे की आत, हे नळी लावून मोजावे. आत असेल तर जोत्यालगतची एक ओळ उखडून तिथे खडीचा पट्टा करणे हा कमी खर्चाचा उपाय आहे.

उन्हाळी मांडव वेळेवर उतरवावा. त्याचे झाप कुजवण्यापेक्षा नीट सुकवून पडवीला आडोशाचे तट्टे करण्यासाठी ठेवावेत. चिऱ्याच्या पायऱ्या आणि न्हाणीकडची वाट कोरडी असतानाच काथ्याने किंवा तारेच्या ब्रशने घासून घ्यावी. ओले झालेले शेवाळ घासून निघत नाही, ते फक्त पसरते.

## टप्पा ५: गडगा आणि उतार

कोरड्या चिऱ्यांचा गडगा पाण्याच्या वजनाने क्वचितच पडतो, कारण पाणी फटींतून निघून जाते. पडतो तो फटी बुजल्यामुळे किंवा मुळे शिरल्यामुळे. गडग्याच्या कडेने चालत जाऊन पोट आलेली जागा, निसटलेला चिरा आणि पिंपळ, वड, रुमड (उंबर) यांची रोपे पाहावीत. रोप वरून खुडू नये. आजूबाजूचे दोन चिरे काढून ते मुळासकट काढावे आणि चिरे पुन्हा बसवावेत.

मागे मातीचा भराव असलेली सिमेंटची भिंत असेल तर तिच्यात पाणी निघण्याची भोके असलीच पाहिजेत. ती आहेत का, आणि असतील तर गवताने किंवा गिलाव्याने बुजलेली तर नाहीत ना, हे सळई घालून पाहावे. पाणी मागे कोंडले की अशी भिंत सबंधच्या सबंध पुढे येते.

उतारावरची माती धरण्यासाठी वाळ्याचे गवत उत्तम आहे. पहिल्या पावसानंतर त्याची ठोंबे उताराला आडव्या ओळीत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर लावावीत. उताराचा पायथा मात्र पावसाळ्यापूर्वी खणू नये. गाडी उभी करायला जागा हवी म्हणून मे महिन्यात डोंगराचा पाय कापणे हे कोकणातल्या कित्येक घरांवर आलेल्या संकटाचे कारण आहे.

सावधान: घरामागच्या उतारावर नवी भेग दिसली, झाडे किंवा विजेचे खांब कललेले दिसले, किंवा झऱ्याचे स्वच्छ पाणी अचानक गढूळ झाले, तर दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवून घर सोडावे आणि ग्रामपंचायत व तहसील कार्यालयाला कळवावे.

## टप्पा ६: बोर्डो मिश्रण आणि पेस्ट

पोफळीचा कोळेरोग आणि माडाची कोंबकुज हे दोन्ही रोग सततच्या ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीमुळे होतात आणि दोन्हींवर एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी पाऊस सुरू होण्याच्या आधी करायची असते. रोग दिसल्यावर फवारणारे बरेच आहेत; तोवर गळ सुरू झालेली असते. पोफळीवर दुसरी फवारणी साधारण ४० ते ४५ दिवसांनी, पावसाची उघडीप पाहून करावी.

दहा लिटर मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना लागतो. मोरचूद कापडात बांधून पाच लिटर पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बादलीत रात्रभर लोंबकळत ठेवावे, म्हणजे ते पूर्ण विरघळते. चुना थोड्या पाण्यात फोडून, थंड झाल्यावर पाच लिटर करावा आणि फडक्यातून गाळून घ्यावा. मग मोरचुदाचे पाणी बारीक धारेने चुन्याच्या निवळीत ओतावे आणि लाकडी काठीने ढवळत राहावे. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे मुळीच वापरू नये.

आता परीक्षा. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिश्रणात मिनिटभर धरून बाहेर काढावा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे आणि असे मिश्रण पाने जाळते. थोडी थोडी चुन्याची निवळी घालत, खिळा दरवेळी पुसून, तो स्वच्छ निघेपर्यंत परीक्षा करावी. तयार मिश्रणाचा रंग आकाशी निळा दिसतो. ते त्याच दिवशी संपवावे. दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग राहत नाही.

छाटणीच्या जखमांना आणि आंब्याच्या खोडाला जमिनीपासून सुमारे एक मीटरपर्यंत लावायची पेस्ट दाट असते: प्रत्येकी एक किलो मोरचूद व चुना आणि दहा लिटर पाणी. घरगुती गरजेला याचा दहावा भागही पुरतो.

सावधान: फवारताना नाक-तोंड झाकावे आणि वाऱ्याकडे पाठ करावी. पंप आणि बादल्या विहिरीजवळ किंवा व्हाळात धुऊ नयेत.

## टप्पा ७: वाफे, पातेरा आणि कुंड्या

पातेरा जाळू नये. मे महिन्यातला सुका पातेरा ताडपत्रीखाली साठवून ठेवावा आणि पहिल्या पावसानंतर वाफ्यांवर पसरावा, म्हणजे पावसाच्या थेंबांनी माती उडत नाही आणि वाहूनही जात नाही. खोडाभोवती मात्र त्याचा ढीग करू नये. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवली नाही तर साल कुजते आणि वाळवी लागते.

भाजीचे वाफे आता खोलगट ठेवायचे नसतात. उन्हाळी वाफा मोडून त्याच मातीत शेणखत मिसळावे आणि वीतभर उंच गादीवाफा करावा. दोन वाफ्यांमधली सरी चराला मिळाली पाहिजे. आले, हळद, सुरण मे अखेरीस लावून वर पाल्याचे आच्छादन करावे. पडवळ, दोडकी, कारली, काकडी यांच्यासाठी मांडवाचे खांब आत्ताच रोवावेत, कारण वेल हातभर झाल्यावर खांबासाठी खणले तर मुळे तुटतात. रासायनिक खत पाऊस लागण्याच्या तोंडावर टाकणे म्हणजे ते व्हाळाला देणे होय. जांभ्या जमिनीतून पाण्याबरोबर ते झपाट्याने निघून जाते, म्हणून पाऊस स्थिरावल्यावर, उघडिपीत आणि हप्त्याने द्यावे.

कुंड्यांखालच्या बशा काढाव्यात, तळाची भोके मोकळी करावीत आणि कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवाव्यात. निवडुंग, अडेनियम आणि कोरफड पडवीत घ्यावीत. वृंदावनातली तुळस जुलैत बहुधा झडते. एक रोप छपराखाली वेगळे राखावे. हिरवळ एकदा कापून घेतली की तिचे काम संपले.

## टप्पा ८: ढीग, साप आणि साचलेले पाणी

जळाऊ लाकूड, सोडणे (नारळाची सोललेली साले), उरलेले चिरे आणि कौले यांचे ढीग घराच्या भिंतीला लागून असतात आणि पाऊस लागला की फुरसे, मण्यार, घोणस यांना कोरडी जागा तिथेच मिळते. लाकडे जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर, घरापासून दूर आणि वरून झाकून रचावीत. ढीग हलवताना हात घालून चिरा उचलू नये. पारेने किंवा काठीने उलटा करून, खाली पाहून मगच धरावा. फुरसे लहान असते, मातीच्या रंगाचे असते आणि चटकन दिसत नाही.

शेणकई (शेणाचा खड्डा) आणि कुजणारे माडाचे बुंधे यांत गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात. शेणकई एकदा उलटीपालटी करून पांढऱ्या, वाकड्या अळ्या वेचून माराव्यात. करवंट्या, फुटके डबे आणि जुने टायर पालथे घालावेत किंवा बाहेर काढावेत. गोगलगायींसाठी संध्याकाळी ओले गोणपाट वाफ्याजवळ टाकून ठेवावे आणि पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ थेट वाफ्यावर टाकू नये.

## टप्पा ९: लागवड

आंबा, काजू आणि नारळाचे खड्डे एप्रिल-मे मध्येच एक मीटर लांब, रुंद आणि खोल खणून उन्हात तापू द्यावेत आणि पावसापूर्वी वरची माती व शेणखत यांनी भरावेत. भरताना माती जमिनीच्या वर वीतभर येईल इतकी भरावी, कारण पावसात ती खचते आणि खळगा होतो.

कातळातल्या खड्ड्याची गोष्ट निराळी. तळ आणि बाजू सलग जांभ्याच्या असतील तर त्या खड्ड्यातले पाणी कुठेच जात नाही आणि कलम उभ्या उभ्या कुजते. असा खड्डा भरण्यापूर्वी त्यात दोन घागरी पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसेच असेल तर खालच्या बाजूने फट फोडून पाण्याला वाट द्यावी, आणि ते जमत नसेल तर ती जागा सोडावी.

पहिल्या सरीवर कलम लावू नये. जमीन आतून तापलेली असते आणि पहिल्या पावसानंतर अनेकदा आठ-दहा दिवसांची ओढ बसते. सलग पाऊस लागून खड्ड्यातली माती तळापर्यंत भिजली, की उघडिपीच्या दिवशी संध्याकाळी लावावे. कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे, त्याच्याभोवतीची प्लॅस्टिकची पट्टी काढली पाहिजे आणि जोडाच्या खालून आलेले फुटवे दिसताच खुडले पाहिजेत. नाहीतर हापूस वाळतो आणि रायवळ वाढते. सखल जागी नारळ, पोफळ आणि पपई मातीच्या उंचवट्यावरच लावावी. रोपे शक्यतो दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ, भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र किंवा वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र अशा खात्रीच्या ठिकाणाहून, आगाऊ नोंदणी करून घ्यावीत.

## टप्पा १०: पाऊस सुरू झाल्यावर

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन आवाराला एक फेरी मारणे हा या सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी अर्धा तास असतो. पाणी कुठे थांबते, कुठे उलटे येते आणि कोणत्या वळणावर चराबाहेर उडी मारते, हे तेव्हाच दिसते. टप्पा १ मध्ये काढलेल्या कागदावर त्याच दिवशी खुणा कराव्यात. गावात राहत नसाल तर राखणदाराला किंवा शेजाऱ्याला फोनवर चित्रीकरण करून पाठवायला सांगावे. पुढच्या मे महिन्यात त्याचा उपयोग कुठल्याही अंदाजापेक्षा जास्त होतो.

त्यानंतर आठवड्यातून एकदा गाळाचा खड्डा, पन्हळ आणि मोरीचे तोंड पाहावे. चरात अनवाणी उतरू नये, आणि पायाला जखम असेल तर मुळीच उतरू नये, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. असे काम केल्यानंतर ताप आला तर आरोग्य केंद्रात गेल्यावर आवारात पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

हस्ताचा पाऊस सरेपर्यंत फोडलेली आळी तशीच ठेवावीत. ऑक्टोबरच्या मध्यावर जमीन वाफशाला आली की माडाच्या बुंध्यापासून सुमारे दीड मीटर अंतरावर ती पुन्हा गोल बांधावीत, गाळाच्या खड्ड्यातली शेवटची माती त्यात घालावी आणि वर सोडणे पोकळ बाजू जमिनीकडे करून पसरावीत. शिंपण नोव्हेंबरपासून सुरू होते, आणि त्याआधी आळ्यात ओल धरून ठेवणे हे त्या वेळचे पहिले काम असते.